दारातला डावा हात

फुकटची नोकरी कशी असते हे ज्याला पाहायचं असेल, त्याने शनिवारी दुपारी सरांच्या मागे मागे जावं. आठवडाभर हा माणूस आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवतो. शनिवार आला की जेवणाच्या वेळेलाच शटर ओढतो, काउंटरखालच्या खणातून घडी केलेला स्कार्फ काढतो, गळ्यात बांधतो आणि लोकांची पोरं सांभाळायला निघतो. पगार नाही, भत्ता नाही, उलट पदरमोड. वर रविवारी सकाळी फोन येतो, की सर, आमच्या धाकट्याचा एक मोजा तिकडे राहिलाय का बघा जरा. याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात, असं सरांचा थोरला भाऊ त्यांना दर भेटीत ऐकवतो. सर म्हणतात, भाजतो खरा, पण करपू देत नाही ना?

त्यांचं स्काउटचं पथक भरायचं ते एका बंद पडलेल्या छापखान्याच्या हॉलमध्ये. फरशीवर शाईचे जुने डाग, खिळ्यांना टांगलेले दोर, कोपऱ्यात उभ्या केलेल्या काठ्या आणि फिरायचा कमी नि कण्हायचा जास्त असा एक पंखा. वीसेक मुलंमुली यायची. नवं पोर आलं की सर त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे. गाठी मारणं नंतर, शिट्टीच्या खुणा नंतर. आधी हात द्यायला शिकायचं, आणि तोही डावा.

"उजवा हात सगळ्या जगासाठी," ते सांगायचे. "पाहुणे, दुकानदार, हेडमास्तर, कुणालाही खुशाल द्या. डावा फक्त आपल्या माणसाला. जुने लढवय्ये उजव्या हातात भाला धरायचे आणि डाव्या हातात ढाल. डावा हात द्यायचा तर आधी ढाल खाली ठेवावी लागायची. आता समोरचा वार करणार नाही याची खात्री असल्याशिवाय ढाल कोण खाली ठेवेल?"

गोष्ट खरी की कुणी रचलेली, देव जाणे. पण स्काउटमध्ये हात द्यायचा तो डावाच, आणि पोरांना ही गोष्ट फार आवडायची. दर शनिवारी रांगेत उभं राहून एकेक जण सरांना डावा हात द्यायचा आणि मगच खेळ सुरू व्हायचे.

मुंगळा पहिल्यांदा आला तेव्हा त्याचे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते. मुंगळा हे नाव त्याला नंतर मिळालं, शिबिरात स्वतःएवढी पाण्याची बादली फरफटत आणली आणि कुणाला हात लावू दिला नाही तेव्हा. पहिल्या दिवशी मात्र तो आईच्या मागे दडून बसला होता. सरांनी हात पुढे केला, तर याने दोन्ही हात पाठीमागे नेले. आई ओशाळली. म्हणाली, "अरे, सरांना असं करतात का?"

"राहू द्या," सर म्हणाले. "डावा हात मागून घ्यायचा नसतो. देईल तेव्हा देईल."

कितीतरी शनिवार गेले. बाकीची रांग व्हायची आणि हा आपला काठ्यांच्या कोपऱ्यात. मग एका शनिवारी, रांग संपून सर वळले तर मागे हा उभा. हात तेवढा पुढे केला, घामेजलेला, डावाच. सरांनी तो धरला, आणि त्या दिवशी घरी जाताना त्यांना उगाचच शीळ घालावीशी वाटली.

त्याचे वडील तो रांगत असतानाच गेले होते. आई बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. माइकवरून गाड्या पुकारायचं काम तिचं. पुढची पाळी करणारी बाई कायम उशिरा यायची, त्यामुळे हिला निघायला उशीर, त्यामुळे मुंगळा कायम शेवटी राहायचा. सगळी पोरं गेली की हॉलच्या पायरीवर दोघंच, सर आणि मुंगळा, दोराच्या गाठी सोडवत. ती धावतपळत यायची, दहा वेळा माफी मागायची. हळूहळू माफी कमी झाली. मग धावणंही कमी झालं. मग ती वेळेवर सुटली तरी तिघं जण पायरीवर बसायला लागले. लग्न ठरलं तेव्हा पथकातल्या एकाही पोराला नवल वाटलं नाही. वाटलं ते फक्त सरांच्या भावाला. तो म्हणाला, "आता भाकऱ्या घरीसुद्धा भाजणार का?"

लग्न साधंच झालं. पोरांनी दोन रांगा करून काठ्यांची कमान धरली. त्यात एक काठी मुंगळ्याची होती. त्याने ती इतकी घट्ट आणि सरळ धरली होती, की सरांचं नवरीपेक्षा त्या काठीकडेच जास्त लक्ष गेलं. तसं बायकोने नंतर बोलूनही दाखवलं.

घर एक झालं, पण हाक काही बदलली नाही. मुंगळा घरीही त्यांना 'सर'च म्हणायचा. सर, टूथपेस्ट संपली. सर, माझ्या सायकलची चेन पडली. आई म्हणाली, बदलेल आपोआप, घाई काय आहे. सर म्हणाले, छे छे, मला काहीच नाही. पण होतं. दुकानात एखादं गिऱ्हाईक कौतुकाने विचारायचं, "हा तुमचा मुलगा का?" सर तोंड उघडायच्या आत मुंगळा म्हणायचा, "हे माझे सर आहेत." मग सर एखादी फ्रेम उचलून फडक्याने पुसायला घ्यायचे. स्वच्छ असलेली फ्रेम.

आणि रोज सकाळी शाळेला निघताना एक ठरलेलं. पाठीला दप्तर, पायात बूट, दारात थांबून हा सरांना हात द्यायचा. डावा. म्हणायचा, "येतो, सर." शेजारच्या घरातला मुलगा जाताना बापाच्या गळ्यात लोंबकळायचा, बापाच्या खिशातला पेन पळवायचा. आणि आपल्या दारात हे असलं, परेडवर असल्यासारखं. सर तो हात धरायचे, हलवायचे, सोडायचे. त्यांना वाटायचं, पोर गुणी आहे, शिस्तीचं आहे, पण आपण त्याला अजून पथकाचेच वाटतो. घरचे नाही.

माणूस लोकांची नजर तपासतो म्हणून त्याला स्वतःला सगळं दिसतंच असं नाही.

शिबिर जवळ आलं आणि खार नावाच्या संघाची मुख्य मुलगी गाव सोडून गेली. पथकात सहा-सात जणांचा एक संघ असतो आणि त्याचा एक संघनायक. नवा निवडायचा होता. रीत अशी, की टेबलावर पत्र्याचे दोन मग ठेवायचे, त्यांवर फडकं टाकायचं, आणि संघातल्या प्रत्येकाने फडक्याखाली हात घालून ज्याला निवडायचं त्याच्या मगात एक खडा टाकायचा. खडे सारखे पडले तर शेवटचा खडा सरांचा, आणि तो सगळ्यांसमोर टाकायचा.

उमेदवार दोन. एक मुंगळा, आणि दुसरा भोंगा. भोंगा म्हणजे मोठा दिलदार पोरगा, आवाज असा की त्याला शिट्टी लागतच नाही, पण विसरभोळा इतका की एकदा शिबिराला स्वतःचं अंथरूण सोडून घरातली इस्त्री घेऊन आला होता. मुंगळा त्याच्या उलट. तंबूचे खुंटे मोजून ठेवायचा, लहानग्यांना गाठी शिकवायचा, सगळे जेवले का बघून मग स्वतः बसायचा. काम कोणाचं चांगलं, हे सरांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

खडे सारखे पडले.

सरांनी खिशातून आपला खडा काढला, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना आदल्या आठवड्यातली एक बाई आठवली. पथकातल्याच एका मुलीची आई. आरशासमोर फ्रेम लावून बघत हसत हसत म्हणाली होती, "आता काय, खारीचं ठरलेलंच आहे. सरांच्या घरातच जाणार ते." मनात काही वाकडं ठेवून बोलली नव्हती बिचारी. पण शब्द एकदा पडला की काट्यासारखा सलतो. सरांनी जन्मभर पोरांमध्ये डावं-उजवं केलं नव्हतं. त्यांना वाटलं, उद्या वीस घरांत वीस तोंडं बोलतील. मुंगळ्याचं काय, तो समजूतदार आहे. आपलाच आहे. पुढच्या वर्षी होईल.

खडा भोंग्याच्या मगात वाजला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुंगळ्यानेही वाजवल्या. भोंग्याला सगळ्यांनी खांद्यावर घेतलं आणि तिथल्या तिथे पाडलं. मुंगळ्याने काठ्या गोळा करून कोपऱ्यात लावल्या, दोर खिळ्यांना टांगले, दिवा बंद केला. घरी येताना सर म्हणाले, "छान पार पडलं, नाही?" तो म्हणाला, "हो सर." सरांना हायसं वाटलं. पोरगं खरंच समजूतदार होतं म्हणायचं.

सोमवारी सकाळी मुंगळा दारात आला, बुटाची नाडी बांधली, उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. सरांनीही सवयीने डावा पुढे केला, आणि दोन हात एकमेकांना लागलेच नाहीत. मुंगळ्याने उजवा पुढे केला होता.

सरांनी आधी त्याच्या डाव्या हातात काय आहे ते बघितलं. डबा असेल, छत्री असेल. काही नव्हतं. डावा हात रिकामाच, बाजूला लोंबत होता. मग सरांनी आपला हात बदलला. मुंगळ्याने तो नीट, अदबीने हलवला, जसा पाहुण्यांशी हलवतात तसा, आणि म्हणाला, "येतो, सर."

बाहेरून बघणाऱ्याला यात काय दिसलं असतं? काही नाही. मुलगा शाळेत गेला, बापमाणसाने दार लावलं. पण सर दार लावून तिथेच उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवून दिली. आजोबा दुकानाची पायरी उतरले आणि तसेच परत आले. म्हणाले, "अहो, तुमच्यासमोरचा रस्ता सकाळी तर सपाट होता."

मंगळवारी उजवा. बुधवारी उजवा. रुसवा नाही, उलट उत्तर नाही, अभ्यास वेळेवर, ताट धुऊन जागेवर. भांडला असता तर बरं झालं असतं. शनिवारी पथकात रांग लागली तेव्हा मुंगळ्याने डावा हात दिला, पण तो नियमाचा. स्कार्फ गळ्यात असला की द्यावाच लागतो. सोमवारी दारात परत उजवा.

शेवटी सरांनी बायकोला सांगितलं. ती पाळी संपवून आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. दिवसभर माइकवर बोलल्यामुळे घरी तिचा आवाज अगदी बारीक व्हायचा. तिने सगळं ऐकून घेतलं, खड्यापासून हातापर्यंत.

"हरल्याचं त्याला काही नाही हो," ती म्हणाली. "लहानपणापासून हरतोय तो, धावायच्या शर्यतीत तर कायमच. तुम्ही का हरवलंत ते त्याला कळलंय."

"मी त्याला हरवलं नाही. मी फक्त..."

"घरातला म्हणून दिलं नाहीत. खरं की नाही?"

सरांनी बोट बुडवून पाणी निवलं का ते पाहिलं.

"मग त्याने काय समजायचं? आधी तुमच्या घरचा नव्हता तेव्हा तुम्ही त्याचं काम बघत होतात. आता तुमच्या घरचा झाला, तर त्याचा त्याला तोटाच झाला की."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ती पुढे म्हणाली, "आणि तो हात. तुम्हाला वाटायचं तो तुम्हाला परेड करून दाखवतो. मीही एकदा माझा डावा हात पुढे केला होता, गंमत म्हणून. तर मला म्हणाला, आई, तुला नाही, तू आईच आहेस, तुझं वेगळं. सर आपले आहेत हे मला रोज सांगावं लागतं, नाहीतर त्यांना कळणार नाही."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. शिकवलं तर तुम्हीच."

सरांना रडू आलं. आलं तर आलं, त्यात लाजायचं काय. दोन वर्षं रोज सकाळी दारात जे मागत होते ते त्यांच्या हातात पडत होतं, आणि ते शेजारच्या पोराकडे बघून उसासे टाकत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी त्याला नवीन सायकल..."

"काही देऊ नका," बायको म्हणाली. "आता काही दिलंत तर आणखी परका कराल. चुकलं असेल तर चुकलं म्हणा."

"त्याच्याजवळ?"

"चूक जिथे केलीत तिथे." आणि टॉवेल घेऊन पाय पुसायला लागली.

शिबिर नदीकाठच्या मैदानावर होतं, एका रात्रीचं. सकाळीच भोंग्याने आपल्या आवाजात सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की खार संघाच्या तंबूचे खुंटे तो हॉलमध्येच विसरला आहे. सरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मुंगळ्याने आपल्या पिशवीच्या तळातून गोणपाटात गुंडाळलेले खुंटे काढले आणि गवतावर ठेवले. त्याने ते आदल्या दिवशीच हॉलमधून उचलले होते. भोंगा असा वाचला, म्हणून त्याने मुंगळ्याला मिठी मारली आणि त्या भरात मुंगळ्याचा चष्मा पाडला. तंबू उभा राहिला. दुपारी बटाटे उकडले, त्यातले निम्मे कच्चे निघाले, तरी सगळे संपले.

दिवस मावळायला लागला तशी पोरं गोल करून बसली. या पथकाची आणखी एक रीत होती, सरांनीच घातलेली. झोपायच्या आधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, आज आपल्याला काय जमलं नाही. काय जमलं ते सांगायला घरी आईबाप असतात, असं सर म्हणायचे. पोरं एकेक करून सांगू लागली. एकीला काडेपेटी पेटवता आली नाही. एकाला आईची आठवण थांबवता आली नाही, आणि त्याला कुणी हसलं नाही. भोंगा म्हणाला, "मला खुंटे आणायला जमलं नाही, हे सगळ्यांना कळलंच असेल." मुंगळा म्हणाला, "मला बटाटे कधी शिजले ते ओळखता आलं नाही."

शेवट सरांचा. एरवी सर काहीतरी हलकंफुलकं सांगायचे, शिट्टी सापडली नाही वगैरे. आज ते जरा वेळ गवत उपटत बसले.

"मला जे जमलं नाही ते आजचं नाही," ते म्हणाले. "खारीचा संघनायक निवडताना माझा खडा मी चुकीच्या कारणाने टाकला. भोंग्या, तू हे नीट ऐक, यात तुझी काही चूक नाही, आणि तुझं काम तू मनापासून करतोयस. पण त्या दिवशी मी दोघांचं काम बघायला हवं होतं. ते मी बघितलं नाही. मुंगळा माझ्या घरी राहतो, एवढंच बघितलं. लोक काय म्हणतील याला भ्यालो. तो दुसऱ्या कुणाच्या घरी राहत असता, तर माझा खडा त्याच्या मगात पडला असता. हे त्याला कळलं होतं, म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर सांगतोय. माझं चुकलं."

सरांना वाटलं, आपण भोंग्याचं मन मोडलं. तर भोंगा डोकं खाजवत म्हणाला, "सर, पण मीपण माझा खडा मुंगळ्याच्याच मगात टाकला होता."

"काय?" मुंगळ्याने मान वर केली. "मी तुझ्या मगात टाकला होता."

"मूर्ख आहेस का तू?"

"तूच."

सगळा गोल हसत सुटला. हसणं थांबल्यावर भोंगा म्हणाला, "मी उतरतो, सर. मला चालेल. मला नुसतं ओरडायला द्या." सर मुंगळ्याकडे बघायला लागले. मुंगळ्याने मान हलवली. "नको. ठरलं ते ठरलं," तो म्हणाला. "खुंटे मी बघतो." एवढं बोलून तो उठला आणि खरकटी पातेली घेऊन नदीकडे निघून गेला. सरांकडे त्याने बघितलंही नाही.

सर थोड्या वेळाने एक रिकामी बादली घेऊन त्याच्या मागे गेले. पातेली घासायला मुंगळ्याबरोबर पथकातली सगळ्यात धाकटी मुलगी बसली होती, चिमणी. ती कामाला कमी आणि प्रश्नांना जास्त. सर बादली भरायला वाकले, तेवढ्यात तिने विचारलंच.

"मुंगळ्या, सर तुझ्या घरी राहतात ना? मग तू त्यांना बाबा का म्हणत नाहीस?"

सरांचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला. मागे वळून जावं तर तेही जमेना.

मुंगळा राखेने पातेलं घासत होता. घासायचं थांबला नाही. "तुझ्या बाबांना बाबा कोण कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

"मी आणि दादा."

"ते तुला मिळालेले आहेत. मला सर मिळाले नव्हते, मी निवडले. मी आधी निवडले, मग आईने." त्याने पातेलं पाण्यात बुचकळलं. "शनिवारी खेळ संपला की तुमचे सर घरी जातात. माझे घरी येतात. मग मी नाव कशाला बदलू?"

चिमणीला ते पटलं की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, "मग मी त्यांना काय म्हणू?"

"तू सरच म्हण. पण तुझं वेगळं," मुंगळा म्हणाला. "हे पातेलं धर."

सर भरलेली बादली घेऊन उभे होते. त्यांना बोलायचं खूप होतं. मुंगळ्याने उठून त्यांच्या हातातली बादली घेतली, नेहमीसारखी, कुणाला हात लावू न देता. त्याचे दोन्ही हात राखेने आणि काजळीने काळे झाले होते. त्या संध्याकाळी हात द्यायचा प्रश्नच आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी आवराआवरीत सगळेच इतके दमले की घरी येऊन जो तो आडवा झाला.

सोमवार उजाडला. शाळेची गाडी कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. आतून आईचा आवाज आला, थेट बस स्टँडवरचा, "शाळेकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी त्वरा करावी." मुंगळा दारात आला. शाळेत दाखवायला त्याने पुठ्ठ्याचा पूल केला होता, लांबलचक, गोंद अजून पुरता न वाळलेला. तो त्याने डाव्या हातावर छातीशी धरला होता. उजवा हात मोकळा होता.

सरांनी ते पाहिलं आणि आपला उजवा हात पुढे केला. पोराची अडचण होऊ नये, एवढाच विचार. मनात म्हणाले, उजवा तर उजवा, नदीवर ऐकलं ते काय कमी आहे?

मुंगळ्याने त्या हाताकडे पाहिलं.

"तो नाही, सर," तो म्हणाला.

मग त्याने गुडघे टेकले, चपलांच्या स्टँडवरची जागा बाहीने पुसली, पूल हळूच तिथे ठेवला, एक खांब कलला होता तो बोटाने सरळ केला. कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला. मुंगळ्याने काही घाई केली नाही. उठला, डावा हात पँटला पुसला आणि पुढे केला.